'प्रवेश दिनांक' नको, 'रोजी पाहिले' लिहा

सांगलीच्या एका प्राध्यापिका ताईंनी विचारले आहे. पीएचडीच्या प्रबंधात त्यांनी एका ऑनलाइन मासिकातल्या लेखाचा आधार घेतला. इंग्रजी नमुन्यावरून तळटीप मराठीत आणताना 'ॲक्सेस्ड ऑन'ला, म्हणजे ते पान कधी उघडून पाहिले या तारखेला, त्यांनी 'प्रवेश दिनांक' लिहिले. मार्गदर्शक सरांनी ते खोडून 'अभिगमन तिथी' केले. बरोबर कोणते? शिवाय, लेख 'उद्धृत केला' म्हणायचे, त्याचे 'अवतरण दिले' म्हणायचे, की 'संदर्भ दिला'? आणि पुढच्या टिपेत अशा लेखाला 'तत्रैव' (वरच्याच टिपेतला संदर्भ) चालते का?

ताई, तुमचे आणि सरांचे, दोन्ही बाजूला ठेवा. '14 जून 2024 रोजी पाहिले' एवढेच लिहा.

'प्रवेश दिनांक' म्हटले की डोळ्यापुढे शाळेचे रजिस्टर येते. त्यात तुमची टीप होती 'वर्ष 5, अंक 2, प्रवेश 14 जून'. अहो, 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथे सीतास्वयंवर नाटक उभे केले, त्या तुमच्या सांगलीत कुणी 'अंक 2, प्रवेश 14' वाचले तर तो पडदा कधी वर जातो याचीच वाट बघत बसेल! 'अभिगमन तिथि' हा हिंदीचा शेजारधर्म. हिंदीत तिथि म्हणजे सरळ तारीख, तिथे ते ठीकच आहे. आपल्याकडे तिथी निघाली की पंचांग निघते, आणि पाठोपाठ श्राद्ध. 'रोजी पाहिले' हा माझा शोध नाही, मराठी विकिपीडियाच्या संदर्भांत तो कधीचा रुळलेला आहे.

पण मला तो आवडतो त्याचे कारण वेगळे आहे. 'पाहिले' ही साक्ष आहे. अमुक दिवशी त्या पानावर हा मजकूर होता आणि मी तो डोळ्यांनी पाहिला, एवढेच आपण सांगतो. ही साक्ष का लागते, हे मी फटका खाऊन शिकलो. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर (हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवर) एक टिपण लिहिताना एका ऑनलाइन मासिकातून पेवाच्या खोलीचा आकडा घेतला. खाली मासिकाचे नाव दिले, दुवा दिला, तारीख काही दिली नाही. टिपण छापून आले आणि आठवड्याभरात एका वाचकाचा फोन, "गुरुजी, तिथं तर वेगळाच आकडा आहे की!" उघडून बघतो तर आकडा खरेच बदललेला, आणि बदलल्याची नोंद कुठेही नाही. छापील अंक असता तर ग्रंथालयातून काढून पुढ्यात ठेवला असता. इथे ठेवणार काय? गप्प बसलो. तेव्हापासून दोन गोष्टी करतो. पाहिल्याची तारीख त्याच दिवशी वहीत टिपतो, आणि जमले तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या पानाची प्रत जतन करून ठेवतो.

तुमचे सर म्हणतील, इंग्रजीत तर आता ही तारीख मागत नाहीत. अर्धे खरे आहे. संदर्भ कसे द्यावेत हे सांगणाऱ्या इंग्रजी पुस्तिकांपैकी एमएलएच्या 2016च्या आठव्या आवृत्तीने ती ऐच्छिक केली. एपीएच्या सातव्या आवृत्तीत ती फक्त सतत बदलत राहणाऱ्या पानांसाठी आहे. तरी ऐच्छिक म्हणजे निषिद्ध नव्हे. विद्यापीठाने एखादी पद्धत ठरवून दिली असेल तर अर्थात तीच पाळा.

आता तुमचे तीन शब्द. उद् + हरण म्हणजे उद्धरण, वर उचलून घेणे. 'उद्धार' याच घरातला, म्हणून एखाद्याचा जाहीर उद्धार करणे आणि त्याला उद्धृत करणे यांत कधी कधी फारसे अंतर नसते. लिहिताना आधी द, त्याला जोडून ध. 'उध्दृत' आणि 'उद्घृत' दोन्ही चूक, आणि प्रबंधांत दोन्ही हमखास भेटतात. अवतरण नेमके उलट्या दिशेचे, खाली उतरणे. शब्द वर उचलला काय नि खाली उतरवला काय, अर्थ एकच: दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत. तेव्हा वाक्य उद्धृत करता येते, अख्खा लेख नाही. तुम्ही लेखातला मुद्दा आपल्या शब्दांत मांडला आहे, तिथे 'संदर्भ दिला' किंवा 'आधार घेतला' हेच नेमके. आणि नाव न सांगता उचलले, तर त्याला मराठीत रोखठोक 'उचलेगिरी' म्हणतात. 'दाखला' मात्र टाळा. दाखला देणे हे अस्सल मराठी खरे, पण ते उदाहरणासाठी. बाकी दाखले तहसील कचेरीत मिळतात.

टिपेत तुम्ही 'खंड 5' केले होते आणि नंतर खोडले, ते बरे झाले. मासिकाला खंड नसतो, 'वर्ष' असते, आणि ते इसवी सन नव्हे, मासिकाचे वय. खंड ग्रंथाला. वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा संदर्भ द्याल तेव्हा खंड लिहा, आणि नोंदीच्या अगदी तळाशी लेखकाचे नाव असते, तेही घ्या. निम्मे विद्यार्थी 'लेखक : विश्वकोश' लिहून मोकळे होतात. ऑनलाइन मासिकाला कधी वर्ष-अंक असतात, कधी नुसती तारीख. जे आहे ते लिहायचे, नाही ते बनवायचे नाही. पृष्ठांकही तसाच. घरच्या प्रिंटवर 'पृ. 3' उमटते ते तुमच्या प्रिंटरचे, मासिकाचे नव्हे. त्यापेक्षा 'परिच्छेद 6' लिहा, वाचक मोजून पोचतो.

म्हणजे टीप अशी होईल: आडनाव, नाव, 'लेखाचे शीर्षक', मासिकाचे नाव, वर्ष 5, अंक 2, मे 2024, दुवा, 14 जून 2024 रोजी पाहिले.

दुव्याबद्दल एक. तुमच्या टिपेत टक्केचिन्हांच्या चार ओळी आहेत. देवनागरी पत्ता कॉपी केला की पुष्कळदा असे होते. 'क' या एका अक्षराची नऊ चिन्हे होतात, काना-मात्रा-अनुस्वाराचीही प्रत्येकी नऊ. नुसत्या 'सांगली'ची चोपन्न! त्यात टंकलेखकाने ओळ मोडताना मध्ये एक आडवी रेघ घातली आहे, त्यामुळे हा दुवा कुठेच जात नाही. मासिकाने लेखाखाली छोटा दुवा दिला असेल तर तो घ्या, नाहीतर पत्ता देवनागरीतच हाताने टंका आणि छापण्याआधी एकदा उघडून बघा.

राहिले 'तत्रैव'. तत्र + एव, 'तिथेच'. लागोपाठच्या दोन टिपा एकाच लेखाच्या आणि एकाच दिवशी पाहिलेल्या असतील तर खुशाल लिहा. पण पहिल्यांदा जूनमध्ये पाहिला आणि दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा उघडला, तर दुसऱ्या वेळी पूर्ण टीप नव्या तारखेसह द्या. माझ्या पेवाचा आकडाही तत्रैवच होता.