वाचकांचे प्रश्न : लायपो चार्जरसाठी पॉवर सप्लाय कोणता घ्यावा?

प्रश्न : मला रेडिओ-नियंत्रित विमाने उडवण्याचा छंद आहे. माझ्याकडे तीन सेलचे २२०० एमएएचचे (मिलिअँपिअर-तास) आणि सहा सेलचे ५००० एमएएचचे लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीचे, पॅक आहेत. चार्जरवर ‘इनपुट ११ ते ३० व्होल्ट, कमाल ३०० वॅट’ असे छापलेले आहे. एलईडी बोर्डांसाठी मिळणाऱ्या १२ व्होल्ट, १० अँपिअरच्या एसएमपीएसवर (स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायवर) मी तो चालवतो. लहान पॅक व्यवस्थित चार्ज होतात, परंतु मोठा पॅक ५ अँपिअरवर लावला की काही मिनिटे चालून चार्जर ‘इनपुट व्होल्टेज कमी’ असा इशारा देतो आणि थांबतो. दुकानदारांच्या मते चार्जरच बदलायला हवा. आपले मत काय?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चार्जर बदलू नका. आपण दिलेल्या वर्णनावरून चार्जर आपले काम चोख करत आहे. कमी पडतो आहे तो त्याच्यामागचा पॉवर सप्लाय.

बारा व्होल्टच्या सप्लायवर पंचवीस व्होल्टचा पॅक कसा चार्ज होईल, अशी शंका अनेकांना येते. या चार्जरमध्ये व्होल्टेज चढवणारे आणि उतरवणारे सर्किट आतच असते, त्यामुळे अडचण व्होल्टेजची नसून वॅटची आहे. लायपोचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टला पोहोचतो. म्हणजे सहा सेलचा पॅक २५.२ व्होल्टला, आणि त्यात ५ अँपिअर प्रवाह सोडायचा तर चार्जरला १२६ वॅट बाहेर द्यावे लागतात. चार्जरमध्ये काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर त्याला आत सुमारे १४८ वॅट घ्यावे लागतील. आपला सप्लाय मात्र १२० वॅटचा आहे. याउलट तीन सेलच्या २२०० एमएएचच्या पॅकला २.२ अँपिअरवर २८ वॅटही पुरतात, म्हणून तेथे तक्रार येत नाही.

मोठ्या पॅकचे चार्जिंग आधी सुरू होऊन मग थांबते, याचेही कारण याच हिशेबात आहे. पॅकचे व्होल्टेज २२ च्या आसपास असताना चार्जर १३० वॅट ओढतो आणि सप्लाय तेवढा जादा भार थोडा वेळ सोसतो. चार्जिंग पुढे सरकते तसे पॅकचे व्होल्टेज चढत जाते, प्रवाह ५ अँपिअरच राहतो, भार १४८ वॅटकडे जातो, आणि मग सप्लायचे व्होल्टेज कोसळते.

नवीन सप्लाय येईपर्यंत मोठा पॅक ३ अँपिअरवर चार्ज करावा. त्या वेळी चार्जर ९० वॅटच्या आसपास घेईल आणि सप्लायला ते झेपेल. वेळ मात्र दोन तासांच्या घरात जाईल. चार्जरच्या मेनूत इनपुट पॉवरची मर्यादा ठरवण्याची सोय असेल, तर ती १०० वॅटवर ठेवावी.

नवीन घेताना माझी शिफारस २४ व्होल्ट, १५ अँपिअर, म्हणजे ३६० वॅटच्या सप्लायची आहे. तेवढ्याच वॅटसाठी २४ व्होल्टवर निम्मा प्रवाह लागतो. १४८ वॅटसाठी १२ व्होल्टवर १२ अँपिअरहून अधिक, तर २४ व्होल्टवर सहाच्या थोडा वर. प्रवाह निम्मा झाला की तारेत वाया जाणारी उष्णता चौथाई होते, जोड तापत नाहीत, आणि चार्जरलाही व्होल्टेज फारसे चढवावे लागत नाही. शिवाय अनेक चार्जर छापील कमाल वॅट १२ व्होल्टवर देतच नाहीत, कारण त्यांच्या इनपुट प्रवाहाला मर्यादा असते. आपला चार्जर ३० व्होल्टपर्यंत घेतो म्हणूनच हा सल्ला देतो. ज्यांच्या चार्जरवर ‘११ ते १८ व्होल्ट’ लिहिलेले आहे, त्यांनी २४ व्होल्टचाच नव्हे, तर १९.५ व्होल्टचा लॅपटॉप अॅडॉप्टरही त्याला जोडू नये.

दीडशे वॅटच्या गरजेला ३६० वॅट जास्त वाटतील, परंतु सोलापूरचा उन्हाळा लक्षात घ्यावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून अधिक उकडते, आणि असे सप्लाय साधारण ४५ ते ५० अंशांच्या पुढे पूर्ण क्षमता देत नाहीत. एलईडी बोर्डांसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त सप्लायवरील आकड्यांवर तर पूर्ण विसंबताच येत नाही. नेहमीचा भार क्षमतेच्या दोन-तृतीयांशाच्या आत राहील असाच सप्लाय निवडावा.

आता जोडणीविषयी, आणि हा भाग मी आग्रहाने सांगतो. जाळीदार पत्र्याच्या पेटीतल्या या सप्लायच्या एका बाजूला स्क्रूची पट्टी असते आणि तिच्यावर एल (फेज), एन (न्यूट्रल) व अर्थिंग यांच्या शेजारीच आउटपुटचे प्लस-मायनस असतात. अनेक जण दोन पिनांची वायर लावून अर्थिंगचा स्क्रू मोकळा सोडतात. मग पेटीला हात लागताच झिणझिण्या येतात, आणि आत काही बिघाड झाला तर तीच पेटी जिवावर बेतू शकते. तीन तारांची वायर आणि तीन पिनांचा प्लगच वापरावा, घरातल्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का हे वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि स्क्रूच्या पट्टीवर झाकण अवश्य बसवावे. पेटीच्या बाजूला आतल्या अंगाला ११५ आणि २३० असा बारीक सरकता स्विच असेल, तर प्लग लावण्यापूर्वी तो २३० वर असल्याची खात्री करावी. ११५ वर राहिला तर सप्लाय पहिल्याच क्षणी जळतो. भिंतीवरच्या सॉकेटमधून एवढा सप्लाय सहा अँपिअरहून बराच कमी प्रवाह घेतो, त्यामुळे नेहमीचे ६ अँपिअरचे सॉकेट पुरते. सप्लायपासून चार्जरपर्यंतची तार मात्र २.५ चौरस मिलिमीटरची आणि शक्य तितकी आखूड ठेवावी.

प्रश्न : आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात मी चार्जर ठेवला आहे. सप्लायचा पंखा सारखा अडकतो. बिनपंख्याचा सप्लाय घ्यावा का?
— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : पंख्याचा प्रश्न येथे दुय्यम आहे. शेडमध्ये लायपो पॅक मुळीच चार्ज करू नयेत. सेल बिघडून पेटला तर ज्वाळा जोरात बाहेर पडतात, आणि सुताचे तंतू, बाचकी, कापड अशा ठिकाणी ती आग आवरणार नाही. चार्जिंग घराच्या मोकळ्या, फरशीच्या जागी, आपण समोर असतानाच करावे. तेथे तंतू नसल्यामुळे पंख्याचा सप्लायही नीट चालेल. आता अडकलेला पंखा साफ करण्यासाठी पेटी उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही आतल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये काही काळ तीनशेहून अधिक व्होल्ट राहू शकतात. प्लग काढून बाहेरूनच ब्लोअरने तंतू उडवावेत.

प्रश्न : जुन्या संगणकाचा ४५० वॅटचा एसएमपीएस घरी पडून आहे. तो चालेल का?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : चालेल, पण ४५० हा आकडा धरू नका. तो सर्व व्होल्टेजची बेरीज असतो. आपल्याला त्यातली फक्त १२ व्होल्टची बाजू उपयोगी आहे. लेबलवर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर लिहिले असतील, तर २१६ वॅट मिळतील. हिरवी तार काळ्या तारेला जोडली की सप्लाय सुरू होतो. पिवळ्या तारा १२ व्होल्टच्या आणि काळ्या मायनसच्या. भार एकाच तारेवर न टाकता चार-पाच पिवळ्या आणि तितक्याच काळ्या तारा एकत्र कराव्यात. काही जुन्या सप्लायमध्ये लाल, म्हणजे ५ व्होल्टच्या बाजूवर भार नसेल तर १२ व्होल्टची बाजू ढासळते, म्हणून चार्जर चालू असताना मल्टिमीटरने व्होल्टेज पाहावे. ते ११.५ च्या खाली जात असेल, तर लाल आणि काळ्या तारेमध्ये १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावून पाहावे. तो चांगलाच तापतो, तेव्हा तारांना किंवा प्लास्टिकला टेकू देऊ नये.