इनलाइन असेंब्लीने भरलेल्या बफरवर केएमसॅन खोटी तक्रार करतो, तर त्या फंक्शनची तपासणीच बंद करू का?

नका करू. केएमसॅन म्हणजे लिनक्स कर्नलमध्ये न भरलेल्या मेमरीचा वापर पकडणारं साधन, आणि इनलाइन असेंब्ली म्हणजे सी कोडमध्येच थेट लिहिलेली प्रोसेसरची इन्स्ट्रक्शन्स. तुमचं इन्स्ट्रक्शन बफर भरतं, खालचा सी कोड तो वाचतो आणि लॉगमध्ये 'अनइनिट-व्हॅल्यू' (न भरलेली किंमत वापरली) उमटतं. अशा वेळी फंक्शनची तपासणी बंद करणारं `__नो_सॅनिटाइझ_मेमरी` लावून मोकळं व्हावंसं वाटतं खरं, पण त्याने दुखणं फक्त जागा बदलतं.

केएमसॅन लिनक्स ६.१ पासून कर्नलमध्ये आहे. मेमरीच्या प्रत्येक बाइटमागे तो एक शॅडो बाइट ठेवतो. त्यातला बिट १ असेल तर ती जागा अजून भरलेली नाही. शॅडोची ही नोंद क्लँग या कंपायलरने घातलेला कोड करतो. रिकामी किंमत नुसती कॉपी केली तर तक्रार येत नाही. तिच्यावर इफ लावला, पॉइंटर म्हणून वापरली किंवा ती यूजरस्पेसकडे निघाली, की रिपोर्ट येतो. असेंब्लीच्या ओळींच्या आत मात्र क्लँगला काही दिसत नाही. आउटपुट कन्स्ट्रेंटमध्ये, म्हणजे असेंब्ली कुठे लिहिणार हे कंपायलरला सांगणाऱ्या भागात, जेवढं लिहिलंय तेवढंच भरलं, असं तो धरून चालतो.

एस३९० (आयबीएमच्या मेनफ्रेम) साठी केएमसॅन लिनक्स ६.११ मध्ये आला, तेव्हा नेमकं हेच निस्तरावं लागलं. तिथलं एसटीसीसीटीएम इन्स्ट्रक्शन प्रोसेसरचे अनेक काउंटर एका दमात मेमरीत लिहितं, प्रत्येकी ८ बाइट. कन्स्ट्रेंट मात्र एकाच काउंटरचा. म्हणजे पहिले ८ बाइट शुद्ध आणि बाकीचे सगळे संशयित! उपाय एका ओळीचा: असेंब्लीनंतर लगेच `केएमसॅन_अनपॉइझन_मेमरी()`, बफरचा पत्ता आणि खरी लांबी देऊन. म्हणजे तेवढी मेमरी भरलेली आहे अशी शॅडोत नोंद होते. केएमसॅन बंद असलेल्या बिल्डमध्ये हे फंक्शन रिकामं असतं, त्यामुळे इफडेफची वेगळी अट घालायची गरज नाही. आकार ठरलेला असेल तर मी त्याहूनही कन्स्ट्रेंट दुरुस्त करणं पसंत करेन. एस३९० चंच डायग २२४ हे इन्स्ट्रक्शन कायम ४ केबी लिहितं. तिथे साध्या पॉइंटरऐवजी ४ केबीचं स्ट्रक्ट दिलं आणि प्रश्न मिटला.

लांबी देताना हात सैल सोडू नका. इन्स्ट्रक्शन अर्ध्यात थांबू शकत असेल तर आधी कंडिशन कोड (इन्स्ट्रक्शनचा निकाल सांगणारा प्रोसेसरचा कोड) बघा आणि जेवढं खरंच लिहिलं गेलं तेवढंच अनपॉइझन करा. अख्खा बफर शुद्ध ठरवलात, तर उरलेल्या भागातला कर्नलचा जुना डेटा बाहेर गेला तरी केएमसॅन गप्प बसेल. तो पकडायलाच तर हे साधन आहे.

`__नो_सॅनिटाइझ_मेमरी` लावलेलं फंक्शन शॅडोला हातच लावत नाही. त्याच्या स्टॅकवरच्या व्हेरिएबल्सची आणि त्याने पुढे पाठवलेल्या पॅरामीटर्सची नोंद चुकीची राहते, आणि मग भलत्याच फाइलमध्ये खोटे रिपोर्ट येतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ते राखून ठेवा नॉइन्स्ट्र कोडसाठी, म्हणजे कर्नलमध्ये शिरण्याच्या (एंट्रीच्या) वाटेवरच्या, जिथे इन्स्ट्रुमेंटेशन चालतच नाही अशा कोडसाठी. `__नो_केएमसॅन_चेक्स` त्यामानाने सौम्य आहे, पण ते फंक्शनमधून बाहेर पडणारं सगळं शुद्ध मानतं. स्टॅक अनवाइंडर (कॉलची साखळी उलगडणारा कोड) सारख्या, मुद्दाम कुठलीही मेमरी वाचणाऱ्या कोडला ते शोभतं. तुमच्या ड्रायव्हरला नाही.

आणि उलट बाजूही तपासा, ती सहसा राहून जाते. असेंब्ली एखादा बफर वाचत असेल तर तेही क्लँगला दिसत नाही. म्हणजे तिथे खरा बग असला तरी रिपोर्ट येणार नाही. एस३९० च्या चेकसममध्ये यासाठीच वाचण्याआधी, बफर भरलेला आहे का हे तपासणारं `केएमसॅन_चेक_मेमरी()` घातलं आहे. तुमच्या ड्रायव्हरमध्ये असं इन्स्ट्रक्शन असेल तर त्याच पॅचमध्ये तेही घाला.