हिरवं औषध आणि जठराच्या नळीचं टोक

प्रश्न : वडिलांना अन्ननलिकेचा कर्करोग आहे, बेळगावात रोबोटने ऑपरेशन ठरलंय. ‘शिरेतून हिरवं औषध देऊन रक्तवाहिन्या बघू,’ असं डॉक्टर म्हणाले. ते कशासाठी? त्यांचं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं आहे, मूत्रपिंडाला अपाय होईल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : अन्ननलिकेचा रोगट भाग काढल्यावर जठराचीच लांब नळी करून ती छातीत किंवा मानेपर्यंत वर नेतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. त्यासाठी जठराच्या बऱ्याच रक्तवाहिन्या तोडाव्या लागतात. मग नळी मुख्यतः उजव्या गॅस्ट्रोएपिप्लोइक धमनीवर जगते, आणि ही धमनी नळीच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. टोकाला रक्त मिळतं ते जठराच्या भिंतीतल्या बारीक जाळ्यातून. कालव्याच्या टेलच्या शेताला पाणी मिळतं, तशातली गत. जोड नेमका त्याच बाजूला घ्यावा लागतो. तिथे रक्त कमी पडलं तर जोड गळतो, छातीत पू होतो, आणि ते जिवावर बेतू शकतं.

औषधाचं नाव इंडोसायनिन ग्रीन, थोडक्यात आयसीजी. कुपीतली २५ मिलिग्रॅम पावडर १० मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवतात. सलाईनमध्ये नाही, त्यात साका धरू शकतो. तयार औषध ६ तासांत वापरायचं. साधारण २.५ ते १० मिलिग्रॅम एकदम शिरेतून देतात. ते रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं आणि रोबोटच्या कॅमेऱ्यातल्या अवरक्त प्रकाशात चमकतं. पडद्यावर बाकी सगळं करडं, रक्त पोहोचलेला भाग तेवढा हिरवा.

पहिल्यांदा ते जठर मोकळं करताना देतात, म्हणजे चरबीत दडलेली ती धमनी चुकून कापली जात नाही. दुसऱ्यांदा नळी तयार झाल्यावर. हिरवा रंग बुडाकडून वर चढताना दिसतो. जिथे तो रेंगाळतो त्याच्या अलीकडे खूण करून जोड घेतात. खरी बघायची वेळ पहिल्या मिनिटाभराचीच. नंतर औषध झिरपत कमी रक्ताच्या भागातही पसरतं आणि सगळंच हिरवं दिसून फसगत होते. पुन्हा डोस द्यायचा तर आधीची चमक ओसरेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं, थांबावं लागतं. रक्तदाब उतरलेला असेल तर चांगल्या नळीतही रंग उशिरा चढतो, म्हणून भूलतज्ज्ञांनी आधी दाब सावरायला हवा. सेंटीमीटरभर चरबीच्या आड मात्र हा कॅमेरासुद्धा आंधळाच.

मूत्रपिंडाची काळजी नको. हे औषध यकृतातून पित्तावाटे बाहेर जातं, रक्तातलं प्रमाण तीन-चार मिनिटांत निम्मं होतं. यकृताचा आजार किंवा आयोडीनची ॲलर्जी असेल तर मात्र आधीच सांगा, कारण या औषधात सोडियम आयोडाइड असतं. औषध दिल्यावर बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन क्षणभर कमी दिसतो, तो रंगाचा परिणाम.

चांगली चमक दिसूनही जोड गळू शकतो. ताण, कुपोषण, साखर, तंबाखू ही त्यामागची कारणं. मिश्री, तंबाखू आजच बंद करा. संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर सही करण्याआधी ते मराठीत समजावून मागा.