प्रश्न तुमचे, उत्तर आमचं : दोन मिनिटांचा थ्रिलर, तोही वावरात

प्रश्न : दादा नमस्कार. आमी चौघं मित्र मासकॉमच्या शेवटच्या वर्षाले आहो. प्रोजेक्ट म्हणून थ्रिलर पिक्चरची फक्त सुरुवात बनवायची हाय, दोन मिनिटाची, पूर्ण पिक्चर नाई. आमचं ठरलं होतं का काळं हुडी घातलेला माणूस चाकू घेऊन जंगलातून येते, पोरगी पळते, पडते, किंकाळी, मग काळी स्क्रीन आन् पिक्चरचं नाव. सर म्हणे हे तर दरवर्षी कोणी ना कोणी करतेच, याच्यात सस्पेन्स कुठी हाय? आता सस्पेन्स आणायचा कसा तेच समजून नाही राह्यलं. आमच्याजवळ एक बरा मोबाईल हाय, ट्रायपॉड हाय, आन् एकाच्या बाबाचं वावर हाय, इहीर, मोटर, कोठा सगळं. काही सांगा ना.
– चार मित्र, दारव्हा तालुका

उत्तर : पोरांनो, वावर आहे, विहीर आहे, मोटर आहे, आणि तुम्ही हुडीवाला शोधत जंगलात कशाला चाललात?

तुमचे सर बरोबर बोलले. चाकूवाला अचानक आला तर माणूस दचकतो, पण दचकणं म्हणजे सस्पेन्स नाही, ते दोन सेकंदात संपतं. थ्रिलर पिक्चरांचा नावाजलेला दिग्दर्शक हिचकॉक, त्यानं याच्यावर टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. बॉम्ब आहे हे बघणाऱ्याला माहीतच नसेल आणि तो फुटला तर 15 सेकंदांचा धक्का, पण तो तिथं आहे हे बघणाऱ्याला माहीत आणि टेबलावर गप्पा मारणाऱ्यांना माहीत नाही, तर तीच बोअर गप्पा 15 मिनिटं जीव टांगणीला लावते. म्हणजे आधी हे ठरवा की बघणाऱ्याला काय कळलंय आणि तुमच्या पात्राला काय कळलेलं नाही. कॅमेरा कुठं ठेवायचा, म्युझिक कोणतं, ते सगळं त्याच्या नंतर.

आता तुमच्या वावरातला बॉम्ब कोणता? स्टार्टरचा ऑटो, म्हणजे वीज आली की मोटर आपोआप चालू करणारी सोय. गावातल्या पोराला हे सांगायची गरज नाही, पण कॉलेजात मार्क देणारे शहरातले असू शकतात म्हणून सांगतो, शेतीची लाईन कोणत्या आठवड्यात दिवसा तर कोणत्या आठवड्यात रात्री, मग अर्ध्या रात्री मोटर चालू करायला कोण उठणार, म्हणून लोक स्टार्टरला ऑटो लावून ठेवतात. लाईन आली की डब्याजवळचा बल्ब आधी लागतो, ऑटो थोडा वेळ थांबतो, मग खटका पडतो आणि मोटर उठते. बल्ब आणि खटका यांच्या मधले ते काही सेकंद, तोच तुमचा पिक्चर आहे. बाकी काही नसलं तरी चालेल.

पण नुसता ऑटो दाखवून भागत नाही, तो काय करतो हे बघणाऱ्याला आधी शिकवावं लागतं, आणि शिकवायचं ते काहीही वाईट न होता. म्हणून पहिली वीस-पंचवीस सेकंदं एकदम साधी ठेवा. उजेड आहे, कोठ्यात बल्ब लागतो, म्हातारा बिडी पेटवता पेटवता स्टार्टरकडं बघतो, थांबतो, खट्ट, पाईपातून आधी हवा फुसफुसते मग पाणी पडतं, लेकरू त्याच्यात पाय घालतं. बस. कोणी घाबरलं नाही, पण नियम सगळ्यांना कळला : बल्ब, थांबा, खटका. इथं पिक्चरचं नाव टाका, वाहत्या पाण्यावर, मोठा आवाज बिवाज काही नको.

नावानंतर अंधार. लाईन गेलेली आहे. एक माणूस विहिरीच्या काठावर बसून मोटरीच्या तुटलेल्या केबलला जॉइंट मारतोय, टॉर्च दातात, केबलची दोन्ही टोकं उघड्या हातात. त्यानं ऑटो बंद केलेला आपण बघितलाय, तो शॉट विसरू नका, नाहीतर माणूस मूर्ख वाटेल आणि मूर्ख माणसाची कोणाला काळजी वाटत नाही. आणि मग कोठ्यात एक हात येतो, मनगटात स्टीलचं कडं, फक्त हात, आणि ऑटो परत चालू करून निघून जातो. चेहरा नाही, काळी हुडी नाही, काहीच नाही. आता तो माणूस निवांत केबल सोलत बसला, गाणं गुणगुणला, मच्छर मारला, तरी वर्गातलं एक पोरगं मोबाईलमधून डोकं काढून वर बघेल याची गॅरंटी मी घेतो.

याच्यापुढं घाई करू नका. पोरं इथंच माती खातात, त्यांना वाटतं थ्रिलर म्हणजे भराभर कट, मग पहिल्या सेकंदापासून कटच कट मारतात आणि शेवटाला वाढवायला काही उरत नाही. उलट करा. सुरुवातीचे शॉट लांब, आठ-दहा सेकंदांचे, मग हळूहळू छोटे : हात, न लागलेला बल्ब, टॉर्च मंद होतेय, बल्ब, चिकटपट्टी सापडत नाही, बल्ब. मधे एकदा बल्बचा शॉट यायला पाहिजे तिथं मुद्दाम आणू नका, लोकांच्या डोक्यात तो आपोआप येतो. आणि मधे कोणीतरी माणूस आणा, भाऊ म्हणा, चुलत भाऊ म्हणा, डबा घेऊन आलाय, "झालं का नाई अजून? जेवून घे," म्हणतो, डबा पुढं करतो आणि मनगटात तेच कडं. त्याच वेळी मागं, आउट ऑफ फोकस, कोठ्यातला बल्ब लागतो. तिथं कट. खटका ऐकवायचा की नाही यावर तुम्ही चौघं भांडून घ्या, माझं मत विचाराल तर नको, हे पिक्चरची सुरुवात आहे, शेवट नाही. भावानं असं काहून केलं, धुऱ्याचं भांडण का पैशाचं, ते पुढच्या दोन तासांचं काम.

आता जीवाचं सांगतो, हे हसण्यावारी नेऊ नका. शूटच्या वेळी स्टार्टरचे किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून कोणाच्या तरी खिशात ठेवायचे, आणि मोटरीच्या खऱ्या केबलला हातसुद्धा लावायचा नाही, भंगारातला वेगळा तुकडा आणा. डब्याजवळचा बल्ब म्हणजे बॅटरीवरचा बल्ब, तो एकानं पाठीमागून चालू करायचा. पाणी पडतानाचा शॉट तेवढा खऱ्या मोटरीवर, तोही आधी, वेगळ्या दिवशी, ज्याची मोटर त्यालाच चालू करू द्या. काठावर बसलेला माणूसही खऱ्या काठावर नको, कोठ्यामागच्या हौदाच्या काठावर बसवा आणि विहीर वेगळ्या शॉटमध्ये वरून दाखवा, एडिटमध्ये दोन्ही एकच वाटतात.

रात्र खऱ्या रात्री शूट करू नका. मोबाईल अंधारात नुसते दाणे दाखवतो. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं आकाश निळं राहतं, त्या वेळात पिवळा बल्ब आणि टॉर्च जे काही सुंदर दिसतात ना! वेळ कमी असतो म्हणून दुपारीच सगळी रिहर्सल करून घ्या आणि दोन-तीन संध्याकाळी धरून चाला. मोबाईल प्रो मोडवर टाका, 25 फ्रेम आणि शटर 1/50, कारण आपली लाईन 50 हर्ट्झची आहे, 30 फ्रेम आणि शटर 1/60 ठेवलं तर कोठ्यातल्या एलईडीखाली पडद्यावर पट्टे धावू शकतात. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, नाहीतर टॉर्च हलली की पूर्ण फ्रेम उजळते-काळवंडते आणि सगळा मूड मातीत.

आवाज दुसऱ्या मोबाईलवर, जवळून. माईकवर मोजा चढवा, वावरातला वारा फार वाईट. खटक्याचा आवाज वेगळा, अगदी कानाला लागेल असा घ्या. शूट झालं की सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट तिथली शांतता पण रेकॉर्ड करा, कट झाकायला तीच कामी येते. भीतीसाठी ढोल वाजवू नका, टिटवी आहे की. जमिनीवर अंडी घालणारं पाखरू, कोणी जवळून गेलं की रात्रीसुद्धा बोंब मारतं. कडंवाला हात दिसायच्या आधी लांबून टिटवी ओरडली की खेड्यातल्या माणसाला लगेच कळतं, धुऱ्यावरून कोणीतरी चाललंय.

प्रश्न : ताई/दादा, आमच्या ग्रुपमधे मी एकटी मुलगी आणि मेन रोल माझाच. रात्रीच्या शूटला घरचे पाठवत नाहीत. स्टोरी बदलू का?
– एक वाचक, वणी

उत्तर : स्टोरी नको, वेळ बदल. घरातली रात्र दुपारी बारा वाजता होते. खिडक्यांना बाहेरून ताडपत्री किंवा बारदाना बांध, फटी कागदानं बुजव, आत एकच दिवा ठेव आणि तोही एका बाजूनं. ज्या शॉटमध्ये नुसते हात, पाठ किंवा सावली आहे तो ग्रुपमधलं कोणीही करू शकतं, ओढणी तीच हवी एवढंच. घरच्यांना पण एकदा दुपारच्या शूटला बोलाव, आईला चहाच्या केटलीसोबत एखाद्या शॉटमध्ये बसवून टाक.

प्रश्न : तोंड बांधलेला माणूस रात्री गावातून फिरतो असा सीन आहे. परमिशन लागते का?
– आर्वी

उत्तर : परमिशनच्या आधी अक्कल लागते. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच निरपराध माणसं मारली, तीही दिवसाढवळ्या. त्यामुळे पोलीस पाटील आणि सरपंचाला दोन दिवस आधी सांगा, ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच सोबत ठेवा. ज्या गल्लीत शूट आहे तिथल्या घरोघरी जाऊन सांगा, शेजारच्या गावातही निरोप पाठवा. दुपट्टा शॉट सुरू व्हायच्या वेळीच बांधायचा, कट म्हटलं की सोडायचा, आणि त्या पोरानं तोंड बांधून एकट्यानं पानठेल्यावर जायचं नाही. सीनमध्ये चाकू असेल तर तो पुठ्ठ्याचा करा, वर चांदीचा कागद लावा, लांबून चमकतो.