सिंकभोवतीच्या काळ्या पडलेल्या सिलिकॉनवर नवा थर द्यावा का?

सिंक आणि ओट्याच्या सांध्यातील सिलिकॉन काळे पडले आहे, ते पुसून त्यावरच नवे लावले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की तसे करू नये. सुकलेल्या सिलिकॉनला नवे सिलिकॉन नीट धरत नाही, आणि कडा सुटल्या असतील तर आत मुरलेल्या पाण्यामुळे बुरशी थराच्या मागेही पसरलेली असते.

धारदार ब्लेडने दोन्ही कडा कापून जुनी पट्टी पूर्ण ओढून काढावी. स्टीलवर ओरखडे पडू नयेत म्हणून उरलेले तुकडे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावेत. आमच्या बडोद्यात पुष्कळ घरी हा सांधा पांढऱ्या सिमेंटने भरलेला दिसतो. जड भांड्यांच्या भाराने सिंक किंचित हलते, सिमेंटला तडे जातात आणि त्यांत पाणी साचते, म्हणून तेही कोरून काढणे आवश्यक आहे.

त्यानंतर पातळ केलेले ब्लीच सांध्यात सुमारे १० मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुवावे, कारण ते जास्त वेळ राहिल्यास स्टीलवरही डाग पडतात. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी असावी.

खरे काम यापुढचे आहे, आणि घाई नेमकी इथेच होते. पावसाळ्यात बडोद्याची हवा इतकी दमट असते की एका रात्रीत सांधा आतून कोरडा होईलच असे नाही. पंखा लावून ठेवावा, ओट्याखाली हात घालून ओल तपासावी, आणि गळती वेस्ट पाइपच्या जोडाची असेल तर आधी ती दुरुस्त करावी. शक्य असेल तर हे काम दसऱ्यानंतर काढावे, असेच मी सुचवेन.

सांधा स्पिरिटने पुसून, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरावे. ओटा संगमरवराचा किंवा कोटा लादीचा असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार टाळून न्यूट्रल सिलिकॉन घ्यावे, कारण पहिल्यातून सुटणारे आम्ल चुनखडीच्या दगडाला खाते. बोटाने एकसारखे दाबून, साय धरण्यापूर्वीच टेप काढावी. पुढचे किमान २४ तास सिंक कोरडे ठेवून भांडी चोकडीत, म्हणजे घराच्या धुण्याभांड्याच्या मोरीत घासावीत.