पेपरोमिया बुडातून काळा पडतोय

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. अडीच फुटी टँकमध्ये पॅलुडेरियम केलंय, एका बाजूला पाणी नि गप्पी, दुसऱ्या बाजूला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) उतार. त्यात पेपरोमिया लावला, पहिले काही दिवस एकदम झक्कास होता, आता बुडातून काळा पडलाय आणि हात लावला की पानं गळतात. आतली दमट हवा सोसत नसेल का? आणि राधानगरीहून शेवाळ आणून टाकलं तर चालेल का?

उत्तर : हवेला उगीच दोष देताय ओ. पेपरोमियाच्या बऱ्याच जाती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या ओल्या जंगलांत फांद्यांवर, खोडांवर, साठलेल्या पालापाचोळ्यात वाढतात, दमट हवा त्यांना पाहिजेच असते. गडबड मुळाशी आहे. हा गडी पाणी जाड पानात साठवतो, मुळं बारीक आणि वरवरची, त्यांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि तुमच्या उताराची खालची कड पाण्यात बुडलेली असणार, मग कोकोपीट दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढत राहतं, वरून सुकं दिसलं तरी आत चिखल, मुळं गुदमरून कुजतात.

काळं पडलेलं खोड वाचत नाही, सोडून द्या. टणक पान असेल तर देठासकट कापा, काप दिवसभर सावलीत सुकू द्या आणि ओलसर (भिजकं नव्हे!) कोकोपीट-परलाइटमध्ये (परलाइट म्हणजे पांढरे हलके खडे) देठ खोचा. मुळं काही आठवड्यांत येतात, नवा कोंब यायला अजून वेळ, रोज उपटून बघू नका. पिवळ्या-पांढऱ्या कडांची जात असेल तर पानापासून बहुतेकदा साधं हिरवं रोप निघतं, तिथं शेंड्याची कटिंग घ्या.

नवं रोप पाण्यापासून चांगलं वर ठेवा, ड्रिफ्टवुडच्या (टँकमध्ये ठेवतात त्या लाकडाच्या) खाचेत नाहीतर जाळीच्या छोट्या कुंडीत, आत सालीचे तुकडे, कोळसा आणि थोडंच कोकोपीट. पंपाची धार मुळांवर सतत पडत नाही ना ते बघा. वरचं झाकण थोडं उघडं ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. टँक पश्चिमेच्या खिडकीत नको, एप्रिलच्या उन्हात काचेआड सगळं शिजतं, साधा पांढरा एलईडी पुरतो. खताच्या गोळ्या टाकू नका, पुढं कोळंबी सोडायची म्हणाल तर तांबं असलेलं खत त्यांचा जीव घेतं.

शेवाळाचं म्हणाल तर राधानगरी अभयारण्य आहे, तिथून परवानगीशिवाय काही उचलणं हा गुन्हा आहे. आणि कशाला जाताय एवढ्या लांब, जुलैत आपल्याच कंपाउंडच्या भिंतीवर हवं तेवढं मिळतं, फक्त नीट धुऊन घ्या, त्यात गोगलगायीची अंडी असतात.