मोबाइलमुळे निवडणुकीचा प्रचार खरोखर बदलला आहे का, की फक्त साधन बदलले आहे?

आपण विचारले आहे की, मोबाइल आणि समाजमाध्यमांमुळे राजकीय प्रचाराचे स्वरूपच बदलले, की पूर्वी भिंतीवर असायचा तोच मजकूर आता पडद्यावर आला, एवढेच घडले. नागपूरच्या महाल भागात माझा लहानसा ऑफसेट छापखाना आहे आणि वडिलांच्या काळापासून निवडणुकीची पत्रके आमच्याकडे छापली जात आहेत, त्यामुळे हे उत्तर छापखान्याच्या उंबरठ्यावरून जेवढे दिसते तेवढ्यापुरतेच आहे. प्रचाराचा वेग वाढला हे सर्वांनाच दिसते. मला मात्र पत्रकाच्या तळाशी असणारी एक बारीक ओळ नाहीशी झाली, हा बदल सर्वांत मोठा वाटतो.

ती ओळ म्हणजे मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 मध्ये 1961 साली घातलेल्या कलम 127-क नुसार या नावांवाचून निवडणुकीचे पत्रक किंवा भित्तिपत्रक छापता येत नाही. प्रकाशकाने स्वतःच्या ओळखीचे घोषणापत्र, त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोन माणसांच्या साक्षीसह, मुद्रकाला द्यावे लागते आणि मुद्रकाने ते छापील प्रतीसोबत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. (राज्याच्या राजधानीत छापले तर ते मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे जाते, आमचे शहर उपराजधानी असले तरी हा मान तिला नाही.) नियम मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केवळ सभेची तारीख, वेळ आणि ठिकाण सांगणाऱ्या चिठोऱ्याला यातून सूट आहे. कायदा एवढा बारकाईने लिहिणाऱ्यांनी छपाईची व्याख्याही करून ठेवली आहे: हाताने नक्कल करणे सोडून प्रती वाढवण्याची कोणतीही प्रक्रिया म्हणजे छपाई. ही व्याख्या वाचताना व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पाच जणांना पुढे ढकलणारा अंगठा माझ्या डोळ्यांपुढे येतो. त्या अंगठ्याकडून घोषणापत्र कोणी मागितल्याचे मी ऐकलेले नाही.

फोनवरून प्रचार तसा जुना आहे. 2004 साली वाजपेयींचा ध्वनिमुद्रित आवाज घरोघरच्या फोनवर ऐकू आला होता, आणि 2014 मध्ये तर त्रिमितीय प्रतिमेतून एकाच वेळी अनेक गावांत भाषणे झाली. पण आमच्या धंद्याला खरा फरक जाणवला तो सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यानंतर, कारण तोपर्यंत चित्रफीत पाठवणे हा खर्चिक हौसेचा प्रकार होता. लगेच फेब्रुवारी 2017 मध्ये महापालिकेची निवडणूक लागली. नागपुरात 38 प्रभागांतून 151 नगरसेवक निवडायचे होते, म्हणजे एक प्रभाग वगळता सगळीकडे चार-चार जागा होत्या. एवढा मोठा प्रभाग दोन आठवड्यांत पायी फिरणे कोणालाही शक्य नव्हते. चार उमेदवारांचे एकत्र पत्रक आम्ही छापले खरे, पण त्यातला प्रत्येक जण स्वतःपुरता प्रचार मोबाइलवर निराळा करू लागला.

प्रचार निराळा करणे, हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. चिटणीस पार्कवरच्या किंवा कस्तुरचंद पार्कवरच्या सभेत उमेदवार जे बोलतो ते त्याचे समर्थक, विरोधक, बंदोबस्तावरचे पोलीस आणि कोपऱ्यावरचा तर्रीपोहेवाला सगळेच ऐकतात, आणि म्हणून त्याला तोंड सांभाळून बोलावे लागते. आमचे पत्रकही तसेच होते. विरोधकाच्या घरातही ते वर्तमानपत्रातून पडायचे. आता धरमपेठेतल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगचे आश्वासन मराठीतून जाते, इतवारीच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर बाजारातल्या वाहतुकीचे हिंदीतून जाते, आणि एकाला काय सांगितले ते दुसऱ्याला कळत नाही. दोन आश्वासने एकमेकांच्या विरुद्ध असली तरी ती समोरासमोर येत नाहीत. हा फरक साधनाचा आहे, असे मी म्हणणार नाही.

2019 च्या विधानसभा निवडणुकीत मला स्वतःला त्याची झळ लागली. एका उमेदवाराचे पत्रक आम्ही रीतसर छापले होते. मतदानाला चार-पाच दिवस राहिले असताना त्याच पत्रकाचे छायाचित्र मोबाइलवर फिरू लागले, पण मधला मजकूर बदलून त्यात प्रतिस्पर्ध्याच्या कुटुंबाविषयी गलिच्छ आरोप घातलेले होते. बदल करणाऱ्याने तळाच्या ओळीतले मुद्रकाचे नाव मात्र जसेच्या तसे ठेवले होते. त्या संपूर्ण चित्रात जबाबदार माणूस म्हणून एकच नाव वाचता येत होते, आणि ते माझे होते. निवडणूक कार्यालयातून फोन आल्यावर मी जपून ठेवलेली प्लेट, पत्रकाची प्रत आणि घोषणापत्राची पोच घेऊन गेलो. कार्यालयात आधीच दाखल असलेल्या प्रतीशी माझी प्रत जुळली आणि मी सुटलो. ज्याने मजकूर बदलला तो सापडला नाही. पुढे दिवाळीत एका लग्नपत्रिकेच्या गिऱ्हाइकाने मला हसत विचारले, "भाऊ, तुम्हीच का छापलं होतं ते?" त्याला काय सांगावे ते मला सुचले नाही.

व्यवस्थेने हातपाय हलवले नाहीत असे नाही. निवडणूक आयोगाने ऑक्टोबर 2013 मध्येच उमेदवारांना समाजमाध्यमांवरील खात्यांची माहिती प्रतिज्ञापत्रात देण्यास सांगितले, जाहिरातींना पूर्वप्रमाणन, म्हणजे प्रसिद्धीआधी मंजुरी, लावले आणि मजकूर तयार करणाऱ्या चमूचे पगारही निवडणूक खर्चात धरायला सांगितले. व्हॉट्सअ‍ॅपने 2018 मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि 2020 मध्ये फार फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली. परंतु विधानसभेच्या उमेदवाराची 40 लाखांची किंवा लोकसभेच्या उमेदवाराची 95 लाखांची खर्चमर्यादा तपासताना माझे बिल सहज पकडता येते, कारण त्यावर प्रतींची संख्या आणि दर असतो. घरात बसून रोज दहा चित्रे बनवणाऱ्या पुतण्याचे बिल नसते. मतदानापूर्वीच्या 48 तासांच्या प्रचारबंदीचेही तेच. 2024 ची लोकसभा निवडणूक सात टप्प्यांत झाली आणि नागपूर पहिल्या टप्प्यात होते. 17 एप्रिलच्या संध्याकाळी येथील भोंगे बंद झाले, पण नंतरच्या टप्प्यांतल्या मतदारसंघांतली भाषणे रात्रभर इथल्या मोबाइलवर वाजत होती.

एक गोष्ट मोबाइलच्या बाजूने सांगायला हवी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, त्याची दृश्ये लोकांनी स्वतःच्या फोनवर टिपली. पूर्वी अशा गोष्टीचा पुरावा वर्तमानपत्राच्या कात्रणापुरता असे; आता दारात आलेल्या उमेदवारापुढे मतदार फोनच धरू शकतो. मात्र एवढ्या संदेशांमुळे लोक मतदानाला अधिक संख्येने बाहेर पडले, असे निदान आमच्या शहरात झाले नाही: नागपूर लोकसभा मतदारसंघात 2019 मध्ये सुमारे 55 टक्के मतदान झाले होते, 2024 मध्ये ते 54 टक्क्यांच्या आसपास राहिले.

माझी मुलगी आता छापखान्यातच एका संगणकावर मोबाइलसाठी उभी चित्रे तयार करते. उत्पन्नाचा बराच भाग तिकडून येतो, हे मी नाकारत नाही. कायद्याची सक्ती कशाला आहे आणि कशाला नाही याच्या वादात न पडता, प्रत्येक चित्राच्या तळाशी ती आमचे आणि प्रकाशकाचे नाव घालते. उमेदवाराची मुले चित्र घेतात, पैसे देतात, आणि पुढे पाठवण्यापूर्वी तेवढी पट्टी कापून टाकतात.